दुभंगलेल्या कानाच्या पाळीविषयी आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सादर नमस्कार.

ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमची सराफी पेढी आहे आणि वडिलांच्या काळापासून बाराव्या दिवशी बाळांचे कान टोचण्याचे काम आम्ही करत आलो आहोत. पाळी चिमटीत धरली की ती मधोमध दुभंगलेली किंवा मुळातच अपुरी असल्याचे कधीकधी जाणवते. आईने ते पाहिलेले असते, पण प्रसूतिगृहात त्याविषयी कोणी बोललेले नसते. सोनारानेच कान टोचावेत हे खरे, परंतु अशी पाळी सांधणे सोनाराचे काम नाही, म्हणून मी न टोचता प्लास्टिक सर्जनकडे जाण्यास सांगतो.

त्यांपैकी कळव्याच्या एका मुलीला 'हे सौंदर्याचे काम, योजनेत बसत नाही' असे सांगून एका रुग्णालयातून परत पाठवण्यात आले. ती आता सात वर्षांची आहे आणि शाळेत केस कानावर ओढून बसते.

जन्मतःचे व्यंग दूर करणे याला हौस कसे म्हणावे? सुश्रुतसंहितेत कानाची पाळी सांधण्याचे १५ प्रकार दिले आहेत, गालाच्या मांसाचा पदर घेऊन नवी पाळी करण्याची रीतही त्यात आहे. पाळीत कूर्चा, म्हणजे कानाला आकार देणारा लवचीक हाडासारखा भाग, नसते, केवळ त्वचा व चरबी असते; तिच्या कडा ताज्या करून टाके नागमोडी रेषेत घालतात, कारण सरळ व्रण आकसून पुन्हा खाच पडते. शस्त्रक्रिया लहान आहे, पण लहान मुलाला पूर्ण भूल द्यावी लागते आणि खर्चापायी ती लांबत जाते.

पाळीवरचा कान दुमडलेला असेल तर शस्त्रक्रिया बहुधा टाळताही येते. आईकडून आलेल्या संप्रेरकांमुळे नवजात बाळाची कूर्चा मऊ असते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साचा बसवल्यास कान अनेकदा आकारात येतो. बारशाला माझ्यासमोर आलेल्या बाळाची ती वेळ अजून गेलेली नसते, याची मला फार हळहळ वाटते.

२०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ-टाळू आणि वाकडी पावले आहेत, कानाच्या आकाराचे व्यंग मात्र मुख्य यादीत नाही. राज्याने आपल्या प्रसूतिगृहांत ते तपासणीस जोडावे, घरी सोडण्यापूर्वी दोन्ही कान पाहून नोंद करावी, कान अपुरा असल्यास श्रवणचाचणीही लगेच करावी, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत जन्मजात पाळीची शस्त्रक्रिया स्पष्ट शब्दांत लिहावी, ही विनंती.

आपला नम्र,
ठाण्यातील एक सराफ