गाणं बाहेर काढता येतं का, ते आधी बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायला स्वस्तातलं कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, यावरचा लेख आपल्या पुरवणीत वाचला. दोनदा वाचला. एकदा विषयासाठी आणि एकदा सवयीने, कारण माझी उभी हयात मुद्रितशोधनात गेली. ‘मल्टिट्रॅक’ हा शब्द तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी छापलाय, पण तक्रार ती नाही. तक्रार सोबतच्या तक्त्याबद्दल आहे. नाव, ट्रॅकची (म्हणजे एकावर एक चढवता येणाऱ्या वेगवेगळ्या आवाजांची) संख्या, सोबत मिळणारे इफेक्ट आणि शेवटच्या रकान्यात किंमत. ज्यांच्यापुढे ‘मोफत’, ती सगळ्यांत वर. असाच एक तक्ता बघून चौदा वर्षांपूर्वी मी माझं पहिलं सॉफ्टवेअर निवडलं होतं.

मी गिटार वाजवतो, पत्नी गाते, मुलगी बासरी वाजवायची. चार वर्षांत आमची अकरा गाणी झाली. मग ते सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. आम्हाला पत्ताही लागला नाही, कारण जुन्या कॉम्प्युटरवर ते मुकाट चालत होतं. तो कॉम्प्युटर बंद पडला, नवा आणला, सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं, तर ते सुरू होण्याआधी इंटरनेटवरून परवानगी मागायला लागलं. परवानगी देणारं तिकडे कुणी उरलंच नव्हतं.

आवाज हरवले नव्हते, हे मुद्दाम सांगतो. फोल्डरमध्ये ४१२ वेव्ह, म्हणजे आवाजाच्या साध्या फायली होत्या, सगळ्या ठणठणीत. नावं मात्र ‘ऑडिओ ००१७’, ‘ऑडिओ ००१८’ अशी. ध्रुवपदाची दुसरी ओळ तिसऱ्यांदा गायली की एक नवी फाइल. कोणता तुकडा कुठल्या गाण्यात, कितव्या सेकंदाला सुरू होतो, हे फक्त प्रोजेक्ट फाइलला ठाऊक, आणि ती त्या एका सॉफ्टवेअरशिवाय कुणालाच वाचता येत नव्हती. पुस्तकाची सगळी पानं हाती आहेत, पण एकावरही पृष्ठांक नाही, असं समजा. फाइल नेमकी केव्हा सुरू झाली हे तिच्यातच नोंदवायची सोय ब्रॉडकास्ट वेव्ह या वेव्हच्याच एका प्रकारात १९९७ पासून आहे. आमच्या सॉफ्टवेअरने ती वापरली नव्हती आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

चार महिने रोज रात्री मी कानाने तुकडे जुळवत बसलो. तीन गाण्यांच्या सुरुवातीला, गंमत म्हणून, प्रत्येक ट्रॅकवर एकेक टाळी वाजवून ठेवली होती. ती पटकन लागली. आणखी चार जिद्दीने लागली. उरलेली चार लागली नाहीत.

म्हणून तक्त्यातल्या ‘मोफत’ या रकान्याकडे मी जरा संशयाने बघतो. मोफतमध्येही जाती आहेत. ऑडॅसिटी २००० सालापासून आहे आणि तिचा सोर्स कोड, म्हणजे ज्यातून प्रोग्रॅम बनतो तो मूळ मजकूर, खुला आहे. आज सांभाळणारे उद्या थांबले तर दुसरं कुणी ती पुढे नेऊ शकतं. वरचे ४१२ तुकडे मी तिच्यातच ऐकले. कापाकापी, खरखर काढणं, एकावर एक दोन-चार आवाज चढवणं यासाठी ती उत्तम. पूर्वी इफेक्ट लावला की तो आवाजात मुरून जायचा, २०२२च्या ३.२ आवृत्तीपासून ऐकता ऐकता तो बदलता येतो. पण कीबोर्ड जोडून मिडी (आवाज नव्हे, तर कोणता सूर केव्हा दाबला याची नोंद) रेकॉर्ड करायचं असेल तर ती उपयोगाची नाही, आणि लेखात हे यायला हवं होतं. आर्डर या दुसऱ्या सॉफ्टवेअरचाही सोर्स कोड खुला आहे. मात्र तयार प्रोग्रॅम हवा असेल तर थोडे पैसे मागतात, आणि मला ते रास्त वाटतं. गॅरेजबँड ॲपलच्या यंत्रांवर फुकट, इतरांना दार बंद. ऑडिओ इंटरफेसबरोबर (माइक, गिटार कॉम्प्युटरला जोडायच्या पेटीबरोबर) मिळणाऱ्या क्युबेस एलई किंवा एबलटन लाइव्ह लाइट यांसारख्या आवृत्त्यांत काही सोयी कापलेल्या असतात. प्रो टूल्सच्या इंट्रो या मोफत आवृत्तीत आवाजाचे आठच ट्रॅक.

पण आठ ट्रॅक म्हणजे कमी, असं कुणी ठरवलं? १९७९ साली टॅस्कॅमचं पोर्टास्टुडिओ आलं, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक देणारं, आणि लोकांनी त्यावर घरी बसून आल्बम केले. आमच्या घरी नऊच्या वर एकही गाणं कधी गेलं नाही. ‘अमर्याद ट्रॅक’ म्हणजे तिघांच्या घराला चाळीस खुर्च्या.

सध्या मी रीपर वापरतो. साठ दिवस पूर्ण सॉफ्टवेअर वापरून बघता येतं. नंतर वैयक्तिक वापराचा परवाना साठ डॉलरना आहे. साठ दिवस उलटले म्हणून ते बंद पडत नाही, उघडताना फक्त आठवण करून देतं. पुढचं तुमच्या सचोटीवर. मी मुदतीच्या एकविसाव्या दिवशी पैसे भरले, आणि कारण वेगळंच होतं. त्याची प्रोजेक्ट फाइल मी सहज नोटपॅडमध्ये उघडली आणि ती चक्क वाचता आली! साधा मजकूर. कोणता तुकडा, कोणती फाइल, कितव्या सेकंदाला ठेवायची, सगळं ओळीने लिहिलेलं. उद्या रीपर नाहीसं झालं तरी कागद-पेन्सिल घेऊन मी गाणं पुन्हा मांडू शकेन. ज्याने ४१२ तुकडे कानाने जुळवलेत, त्यालाच त्या ओळींचं मोल कळेल. आर्डरची फाइलही एक्सएमएलमध्ये, म्हणजे वाचण्याजोगी असते.

नावाजलेल्यांचं असं होत नाही, असं वाटत असेल तर केकवॉकचं उदाहरण घ्या. सोनार हे त्यांचं जुनं, जाणकारांच्या पसंतीचं सॉफ्टवेअर. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये केकवॉकची मालक कंपनी गिब्सनने त्याचं काम थांबवलं. २०१८च्या फेब्रुवारीत बँडलॅब या दुसऱ्या कंपनीने ते घेतलं आणि पुढे फुकट वाटायला सुरुवात केली. तिथे वापरणाऱ्यांचं नशीब थोर. प्रत्येक वेळी घेणारा भेटतोच असं नाही. २०२३मध्ये बिटविग आणि प्रीसोनस या सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांनी डॉप्रोजेक्ट नावाचा खुला फाइल प्रकार आणला, तो प्रोजेक्ट एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेता यावा म्हणूनच. सगळीकडे तो पोहोचेपर्यंत आपली तजवीज आपणच केलेली बरी.

माझी तजवीज अशी. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक अगदी शून्य सेकंदापासून, मधल्या शांततेसकट, वेगळी वेव्ह फाइल म्हणून काढायचा. मग कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फायली डावीकडे टेकवल्या की गाणं जुळलं. सोबत एक साधी मजकुराची फाइल: लय, पट्टी, कोणी काय वाजवलं. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने) एका मोनो ट्रॅकच्या एका मिनिटाला ८.६४ मेगाबाइट लागतात. म्हणजे चार मिनिटांचं नऊ ट्रॅकचं गाणं सुमारे ३११ मेगाबाइट. आजच्या डिस्कवर ही काही जागा नव्हे. सॉफ्टवेअर निवडण्याआधीही हेच करून बघावं: दोन ट्रॅक रेकॉर्ड करा, बाहेर काढा, दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फुकट आवृत्तीत हे करू देत नसतील, तर बाकीचे गुण ऐकायचीही गरज नाही.

लेखातून सुटलेली आणखी एक गोष्ट म्हणजे उशिराने ऐकू येणारा स्वतःचा आवाज, ज्याला लेटन्सी म्हणतात. सुरुवातीला पत्नी हेडफोन लावून गायची आणि थांबायची. “हे कोण माझ्या मागून गातंय?” मी तिलाच ताल धरायला सांगत होतो. शहाणपणा सगळा! बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी साठवून मग पुढे पाठवतो तो आवाजाचा घास, १०२४ नमुन्यांवर होता. ४८ किलोहर्ट्झला ते २१ मिलिसेकंद झाले, तेही एका बाजूचे. आवाज आत जाऊन पुन्हा कानापर्यंत यायला दुपटीहून जास्त. हवेतून आवाज एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे तिचाच आवाज तिला चौदा-पंधरा मीटर लांबून येत होता. बफर १२८वर आणला, विंडोजवर इंटरफेसचा असिओ ड्रायव्हर (हा उशीर कमी करणारा जोड-प्रोग्रॅम) टाकला, आणि पुढे तर इंटरफेसवरच्या डायरेक्ट मॉनिटरिंगच्या बटणाने कॉम्प्युटरला मधून काढूनच टाकलं. यात सॉफ्टवेअरचा दोष जवळजवळ नव्हता, तरी आम्ही तेवढ्यासाठी दोनदा सॉफ्टवेअर बदललं होतं. नवशिक्यांचे पैसे इथेच वाया जातात.

तेव्हा विनंती एवढीच, की पुढच्या वेळी तक्ता छापताना दोन रकाने वाढवावेत: प्रोजेक्ट बाहेर कसा काढता येतो, आणि इंटरनेट नसताना, कंपनी नसताना ते सुरू होतं का. जागा कमी पडली तर ट्रॅकच्या संख्येचा रकाना खुशाल काढा.

परवा रात्री त्या न लागलेल्या चारांपैकी एका गाण्याची बासरी जागेवर बसली. माझ्या गिटारच्या तुकड्यात, हेडफोनमधून झिरपलेला क्लिक, म्हणजे तालाची टिकटिक, बारीक ऐकू येत होता, त्यावरून लय सापडली. आता तीन गाणी आणि ५८ फायली उरल्या आहेत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक