विश्रांतीत पण पहिलं यायचंय का तुला

बाळा,

काल रात्रीचा तुझा मेसेज वाचला, सुट्टी फुकट चाललीये, बाकीच्या मुली ट्रेनिंग करतायत आणि मी नुसती लोळतेय, सगळा फिटनेस जाणार वगैरे. फोनवर तू 'हो गं, ठीके' म्हणून विषय कटवतेस म्हणून टाइप करतेय. निवांत वाच, लगेच रिप्लाय नको देऊस.

पहिलं म्हणजे तू लोळत नाहीयेस. घरी होतीस तेव्हा बघत होते ना मी, कोचनी एर्ग, ते रोइंगचं, वल्हवायचं मशीन, पूर्ण बंद सांगितलेला असताना तू पहाटे उठून दार लावून त्याच्यावर बसायचीस, वर हवेचा डॅम्पर कमी करून, म्हणजे पंख्याचा आवाज बाहेर यायला नको. अगं तो आवाज मला झोपेतसुद्धा कळतो. सुरुवातीला संथ असतो, दोन स्ट्रोकच्या मधे बराच वेळ जातो, आणि मग हळूहळू रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, चढायला लागतो कारण स्क्रीनवरचा स्प्लिट, म्हणजे 500 मीटरला लागणारा वेळ, तुला बघवत नाही. 'हलकं करत होते' म्हणून बाहेर यायचीस आणि मानेपर्यंत टीशर्ट भिजलेला. बाबा म्हणाले बोलू नकोस म्हणून मी गप्प बसले, पण दिसत सगळं होतं.

आणि ते घड्याळ! डोळे उघडल्या उघडल्या रिकव्हरी स्कोअर. हिरवा असला की 'बघ, मी फिट आहे, सुरू करते', लाल असला की दिवसभर तोंड पाडून बसायचं, आणि मग तो हिरवा व्हावा म्हणून नऊला झोपायचं आणि झोप का येत नाही म्हणून बारापर्यंत टेन्शन घ्यायचं. एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या वेळेतला फरक) वगैरे कामाच्या गोष्टी असतील, मी नाही म्हणत नाही, पण तो आकडा एका दिवसाचा बघायचाच नसतो, आठवड्या-दोन आठवड्यांचा कल बघायचा असतो, हे तूच मला समजावलं होतंस. तुझी गंमत अशी झालीये की विश्रांतीतसुद्धा तुला पहिली यायचंय. मला बोलायचंय ते एवढंच खरं तर, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं आहे.

फिटनेसचं म्हणशील तर घाबरण्यासारखं काय आहे सांग. ट्रेनिंग थांबलं की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला प्लाझ्मा कमी होतो, म्हणून तोच स्प्लिट ओढताना हार्ट रेट जास्त दिसतो आणि वाटतं की गेलं सगळं. पण जे पटकन जातं ते पटकन परत पण येतं. ताकद तर तीन-चार आठवडे फारशी हलत नाही. 2000 मीटरच्या रेसमध्ये एनर्जीचा मोठा वाटा एरोबिक असतो आणि तो बेस तू शाळेत असल्यापासून बांधतेयस, तो काय एका ब्रेकमध्ये वाहून जातोय? तळहाताचे घट्टे मऊ पडले म्हणून तू रडकुंडीला आली होतीस ना, ते तर पहिल्या आठवड्यात फोड येऊन परत तयार होतील, त्याचं काय एवढं.

मला काळजी आहे ती दुसऱ्या गोष्टीची. थकवा सगळा सारखा नसतो. ट्रेनिंगचा हेवी ब्लॉक झाला, टाइम खराब आला, थोडे दिवस आराम केला आणि उलट जास्त जोरात परत आली, असं तुझं पूर्वी व्हायचं आणि ते नॉर्मल आहे, ट्रेनिंग चालतंच तसं. पण आराम करूनही टाइम सुधारत नाही, आठवडे जातात, चिडचिड, झोप नाही, सारखी सर्दी, ते वेगळं असतं, त्याला ते नॉन-फंक्शनल ओव्हररीचिंग म्हणतात. आणि त्याच्याकडेही कानाडोळा केला तर ओव्हरट्रेनिंग सिंड्रोम, त्यातून बाहेर यायला महिनेच्या महिने लागतात. त्याची सरळ एक टेस्ट नसते, बाकीचं सगळं नाहीये ना हे आधी बघावं लागतं, म्हणून डॉक्टरांनी तुला फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, व्हिटॅमिन डी सगळं करायला सांगितलंय. तो कागद तू बॅगेत घालून फिरतेयस असं मला वाटतंय. या आठवड्यात ब्लड देऊन ये प्लीज.

आणि पाळी. लाजू नकोस, आई आहे मी. तू म्हणालीस ट्रेनिंग जास्त असलं की सगळ्याच मुलींची चुकते आणि उलट बरंच आहे, कटकट नाही. बरं नाहीये ते. जेवढं जाळतेयस तेवढं पोटात जात नाहीये याची ती खूण असू शकते. ऑलिम्पिक कमिटीने 2014 पासून त्याला नावच दिलंय, आरईडी-एस, म्हणजे खेळाडूला ऊर्जा कमी पडणं, आणि त्यात नुसती पाळी नाही, हाडं, इम्युनिटी, मूड, सगळं येतं. रोइंगवाल्यांना बरगडीची स्ट्रेस फ्रॅक्चर तशीही होतात, त्यात हाडं कच्ची असतील तर बघायलाच नको. त्यामुळे ट्रेनिंग कमी आहे म्हणून जेवण कमी करतेय हे जे तू चालवलंयस ते बंद. डाएटिशियन मॅडमनी दिलंय तेवढं खा, भूक असो नसो.

बर्नआउट हा शब्द तुला आवडत नाही, कमजोर मुलींसाठी असतो असं वाटतं तुला. पण त्याची जी तीन लक्षणं सांगतात ना, अंगातलं त्राण जाणं, कितीही केलं तरी काही जमतच नाही असं वाटणं, आणि ज्या खेळावर जीव होता त्याचंच काही वाटेनासं होणं, त्यातलं तिसरं मी स्वतः पाहिलं. सीझनच्या शेवटच्या रेगाटात मेडल मिळालं, तू फोटो काढलेस, हसलीस, आणि तंबूत आल्यावर ते मेडल ओल्या मोज्यांच्या पिशवीत टाकून दिलंस. कोणी अभिनंदन केलं की 'हेडविंड होता' एवढंच. पूर्वी तू हरलेल्या रेसबद्दलसुद्धा तासभर बोलायचीस गं, कॅच, म्हणजे वल्हं पाण्यात घालणं, कसा चुकला, शेवटच्या 500 ला काय झालं, आम्ही कंटाळायचो.

तू तो स्विमर ड्रेसेल सांगत असतेस ना, कॅलेब ड्रेसेल. टोकियो ऑलिम्पिकला पाच गोल्ड, आणि पुढच्याच वर्षी 2022 मध्ये बुडापेस्टची वर्ल्ड चॅम्पियनशिप अर्धी सोडून गेला, मग कित्येक महिने पाण्यात नाही. लोक सांगताना डायरेक्ट पॅरिसच्या रिलेच्या गोल्डवर उडी मारतात. मला मधला भाग जास्त आवडतो. परत आला तेव्हा 2023 च्या वर्ल्डसाठी क्वालिफाय पण झाला नाही, आणि पॅरिसला त्याच्या स्वतःच्या 100 बटरफ्लायची फायनल हुकली, ढसाढसा रडला सगळ्यांसमोर. पण पोहत होता. तो ब्रिटिश स्विमर अ‍ॅडम पीटी, त्याने पण 2023 ला ब्रेक घेतला होता, त्याचं पॅरिसचं गोल्ड दोन शतांश सेकंदांनी गेलं. म्हणजे ब्रेक घेतला की मेडल नक्की असं काही नसतं, आणि मी तुला तसं पटवायला बसलेलीही नाहीये.

2028 च्या ऑलिम्पिकचं तुझ्या डोक्यात सारखं चालू असतं, लॉस एंजेलिसला रेस 1500 मीटरची होणार म्हणून आत्तापासून स्प्रिंट वाढवायला हवं म्हणतेस. असेल. पण ते कोचचं काम आहे, त्यांना करू दे. त्यांनी प्लॅन दिलाय तो मला तरी शहाणपणाचा वाटला: आधी काहीच नाही, मग सायकल, चालणं, पोहणं, वाटेल तेव्हा आणि वाटेल तेवढं, घड्याळ न लावता. मग जिम, त्यातही कंबर आणि हिप्स आधी, कारण तुझी पाठ गेल्या सीझनला दोनदा धरली होती. पाण्यात उतरायचं ते सगळ्यात शेवटी आणि तेही रेट 18 ला, नुसतं टेक्निक. तुला 18 चा कंटाळा येतो माहितीये मला, हळू गेलं की वल्ह्याच्या ब्लेडचं सगळं खोटं उघडं पडतं असं तूच म्हणायचीस.

सायकॉलॉजिस्टचं पहिलं सेशन झाल्यावर 'नुसत्या गप्पा होत्या' म्हणालीस. मग गप्पा मारायला जा. तिथे काय बोललीस ते मला सांगायची गरज नाही, मी विचारणार पण नाही.

पुढच्या सीझनला खेळायचं की नाही हे आत्ता ठरवू नकोस. दमलेल्या डोक्याने 'हो' म्हणालीस तरी मी ते धरणार नाही आणि 'नाही' म्हणालीस तरी नाही. ब्लड रिपोर्ट येऊ दे, झोप लागू दे, मग बघू. बाबांना काही वेगळं वाटत असेल तर ते त्यांचं त्यांना फोनवर विचार, मी त्यांच्या वतीने बोलत नाही.

आणि हो, तुझ्या बोटीचे रिगर, ते वल्हं धरणारे दांडे, बाबांनी काढून पुसून ठेवलेत, नट-बोल्ट पिवळ्या डब्यात आहेत, एक वॉशर सापडत नाहीये, तुझ्या बॅगेत आहे का बघ.

आई