सर, तुम्ही पायरीवर बसलात म्हणून

आदरणीय सर,
स. न. वि. वि.

तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितेय. आमच्या सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तुम्ही घरातल्या मारहाणीबद्दल अकरावीच्या मुलांचे तास घेतलेत. त्यातल्या एकाची मी आई.

पहिल्याच तासाला माझा मुलगा म्हणाला, "बाई चुकली तर एखादी कानाखाली बसणारच की!" वर्ग हसला. तुम्ही त्याला झापलं नाहीत. मधल्या सुट्टीत पायरीवर त्याच्या शेजारी जाऊन बसलात आणि विचारलंत, "घरात आवाज चढला की तू कुठं जातोस रे?"

तो म्हणाला, "गोठ्यात."

तुम्ही म्हणालात, "मी माळ्यावर जायचो." आणि डब्यातली अर्धी भाकरी त्याच्यापुढं केलीत.

एवढंच. पण सर, घरातलं ते पोरानं तोवर कुणाजवळ काढलं नव्हतं. लपतो तो भित्रा, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं. एक मोठा माणूस, तोही मास्तर, मीही लपायचो म्हणतो, याचं त्याला किती नवल वाटलं! त्या संध्याकाळी धार काढता काढता त्यानं मला सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही, पण थांबलाही नाही.

याआधी आम्हाला काय मिळालं? माहेरचे म्हणाले, भांड्याला भांडं लागायचंच. भावकी म्हणाली, घरातलं घरात मिटवा. तक्रार द्यायला गेले तिथं चहा पाजून परत पाठवलं. मुलीच्या शाळेत एकदा व्याख्यान झालं, तर मुलींना ओढणी नीट घ्यायला सांगितलं आणि मुलं तेवढा वेळ मैदानावर खेळत होती. सावित्रीबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, नायगावच्या. दर ३ जानेवारीला फोटोला हार घालायचा आणि पोरांशी मात्र यातलं अवाक्षर काढायचं नाही, याचा मला अजून संताप येतो.

घरगुती हिंसाचाराचा कायदा २००५ सालचा, २००६ पासून लागू. मला तो माझ्या मुलाकडून कळला. नुसती मारहाण नव्हे, घालूनपाडून बोलणं, घरखर्चाला पैसे न देणं हेही त्यात येतं आणि तो बायकोपुरता नाही, आई-बहिणीलाही आहे, हे त्यानं मला समजावलं. माझ्या फोनमध्ये बायकांच्या मदतीचा १८१ नंबर दुसऱ्याच नावानं टाकून दिला, स्वतःच्या फोनमध्ये मुलांच्या मदतीचा १०९८. "मध्ये पडून अंगावर घ्यायचं नाही, ताईला घेऊन बाहेर पडायचं आणि फोन लावायचा, असं सर म्हणाले," हे त्याचे शब्द.

तो बहिणीचा फोन तपासायचा. कुठं चाललीस, कुणाशी बोललीस. एका रात्री त्यानंच तिला विचारलं, "मी ओरडतो तेव्हा तुला कसं वाटतं?" ती म्हणाली, "पप्पा आल्यासारखं." तो जेवता जेवता थांबला. त्यानंतर तिच्या फोनला त्याचा हात लागलेला नाही. चिडतो अजून, पण मग उठून अंगणात जातो आणि शांत झाला की येतो.

आता आम्ही तिघं वेगळं राहतो, म्हणून हे उघड लिहिता येतंय.

सर, एक मागणं आहे. पुढच्या वर्षीही या. अकरावीच्या मुलांसाठी तर याच, पण एखाद्या पालकसभेला बापांनाही समोर बसवा. मुख्याध्यापकांशी बोलायला मी स्वतः येते. आणि त्या दिवशी डबा आणू नका, भाकरी माझ्याकडची.

तुमची ऋणी,
एक आई