माई, तुम्ही आखून दिलेल्या वाटांसाठी

आदरणीय माई,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "पुरे गं" म्हणता आणि चहा टाकायला उठता. म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. तसं करण्यामागे थोडा स्वार्थही आहे. राजेंद्रनगर, सुदामानगर, लोकमान्यनगर, इंदूरच्या कुठल्याही मराठी वस्तीत जा, माझ्या आईसारखी माणसं घरोघरी सापडतील. त्यांना चालायचं असतं, पण चालायचं कुठे हे कळत नाही. तुम्ही आईला चालायच्या वाटा कागदावर कशा आखून दिल्यात ते त्यांच्यापर्यंत पोचायला हवं.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टर म्हणाले, चाला. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, सपाट जागेवर, थोडं थोडं चाला. अशी जागा कुठे आहे ते मात्र कोणीच सांगितलं नाही. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की फुटपाथवर उभ्या केलेल्या गाड्या, उखडलेली फरशी, मध्येच उघडी नाली. गच्चीवर फेऱ्या मारून आई कंटाळली आणि हळूहळू घरातच बसू लागली. तिचं बोलणंही कमी झालं होतं, आणि मला त्याची जास्त काळजी वाटत होती. तेव्हा तुम्ही आलात. "किती चालता?" असं सगळे विचारत होते. तुम्ही विचारलंत, "एका जागी किती वेळ उभं राहवतं?"

आणि मग ते कागद आले. चौकटीच्या वहीचे, पेन्सिलने काढलेले. मी ते अजून जपून ठेवले आहेत. वाटेची रेघ, तिच्यावर टिंबं म्हणजे बसायच्या जागा: बाक, कट्टा, झाडाचा पार, एका ठिकाणी नुसतंच "दुकानदार स्टूल देतो". फुली म्हणजे तुटलेली फरशी. झाडापाशी वेळ लिहिलेली, "सकाळी साडेआठपर्यंत सावली". स्वच्छतागृह कुठे आहे आणि ते उघडं कधी असतं, तेही. पण मला सगळ्यात मोलाची वाटली ती तुमची छोटी उलटी बाण-खूण, आणि तिच्याशेजारचे शब्द: "इथून मागे फिरलं तरी चालेल." आईचा धीर त्या एका ओळीने परत आला. पूर्ण अंतर चालून दाखवायचं ओझंच उतरलं. वाट सोपी कशाने होते, हे मला त्या दिवशी कळलं. किलोमीटर कमी असून भागत नाही. पुढची बसायची जागा कुठे आहे हे ठाऊक असावं लागतं आणि वाटेल तिथून घरी परतता यावं लागतं.

पहिली वाट तुम्ही सिरपूरची दिलीत. मला तेव्हा आश्चर्य वाटलं होतं, कारण धार रोडवरचं सिरपूर म्हणजे आमच्या डोक्यात ट्रक आणि धूळ. एके काळचं ते गाव, शहर वाढत वाढत त्याच्या पलीकडे निघून गेलं. पण गावाचा तलाव राहिला. होळकरांच्या राजवटीत बांधलेला हा तलाव आज 161 हेक्टरची पाणथळ जागा म्हणून ओळखला जातो. 2022 साली इंदूरजवळच्या यशवंत सागर जलाशयाबरोबर त्याचं नाव रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं, आणि 2025 च्या सुरुवातीला इंदूर आणि उदयपूर ही भारतातली पहिली दोन रामसर पाणथळ शहरं ठरली. हे आपोआप झालेलं नाही. पद्मश्री भालू मोंढे आणि त्यांच्यासारखी निसर्गवेडी माणसं वर्षानुवर्षं या तलावासाठी झटली, म्हणून तो टिकला. तुम्ही हे सगळं आईला चालता चालता सांगितलंत, आणि ती ते आता रिक्षावाल्यांनाही सांगते.

सिरपूरच का, याचं तुमचं कारण किती साधं होतं! "अगं, ती पाळ आहे. पाणी अडवायला घातलेला बांध. त्याचा माथा सपाटच ठेवावा लागतो, नाहीतर पाणी खोलगट जागेवरून निघून जाईल." गुडघ्याला हवी तशी वाट होळकरांच्या कारागिरांनी केव्हाच करून ठेवली होती. हिवाळ्यात तिथे चक्रवाक, थापटे अशी बदकं येतात. पण आईला वेड लावलं ते कमळपक्ष्याने. लांबच लांब बोटं, पानावर अलगद पाय ठेवायचा, पान किंचित दबायचं, तेवढ्यात दुसरा पाय पुढच्या पानावर. आई बाकावर बसून ते इतकं एकटक बघत राहिली की दहा मिनिटांनी तीच म्हणाली, "चल, अजून थोडं पुढे जाऊ." ऑपरेशननंतर पुढे जाऊ असं ती पहिल्यांदा म्हणाली, माई. मी तोंड फिरवून डोळे पुसले. तुम्ही पाहिलंत, पण काही बोलला नाहीत.

पावसाळ्यात हीच वाट तुम्ही बंद केलीत. कागदावर लिहिलं होतं, "आषाढ ते भाद्रपद नको." माळव्याची काळी माती पाणी प्यायली की फुगते, चपलेला लगद्याने चिकटते आणि पाय घसरतो. त्या दिवसांसाठी तुम्ही दुसरा कागद दिलात: पिपल्यापाला तलावाकाठचं रीजनल पार्क, तिथल्या फरसबंद वाटा. नेहरू पार्कही दिलंत, पण तिथे संध्याकाळी गर्दी फार असते, म्हणून आम्ही सकाळीच जातो. रालामंडळ मात्र तुम्ही ठामपणे नाकारलंत. अभयारण्य सुंदर आहे, वर होळकरांचा शिकारगाह आहे, पण टेकडी ती टेकडीच, बरं झालेल्या गुडघ्याने घाई करू नये, असं म्हणालात. आई रुसली होती थोडी. तरी तुम्ही हो म्हणाला नाहीत, याबद्दलही आभार.

मला स्वतःला सर्वांत आवडते ती राजवाड्यापासून कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपर्यंतची, म्हणजे होळकरांच्या स्मारकांपर्यंतची छोटीशी चाल. रविवारी सकाळी दुकानं उघडायच्या आत जायचं. छत्र्यांच्या पायऱ्यांवर बसून, कान्ह नदीकडे बघत तुम्ही नगररचनाकार पॅट्रिक गेडीस यांची गोष्ट सांगितलीत. 1918 साली होळकर दरबारासाठी त्यांनी इंदूरच्या नगररचनेचा अहवाल लिहिला. हा माणूस आधी गल्ल्यागल्ल्यांतून पायी हिंडला. जुनी वस्ती सरसकट पाडण्यापेक्षा जेवढं बिघडलंय तेवढंच दुरुस्त करा, रिकाम्या जागी झाडं लावा, नदीकाठ बागांसाठी राखा, असं त्यांचं सांगणं होतं. तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या शिक्षिका, तुम्हाला त्यांचं अप्रूप वाटणारच. पण मला वाटतं, तुमची पेन्सिल त्याच जातीची आहे. एक बाक कुठे हवा, एक पार कुठे साफ करून घ्यायचा, हे जो पायी फिरतो त्यालाच दिसतं. स्वच्छतेत 2017 पासून वरचा नंबर सोडला नाही याचा आम्हा इंदूरकरांना अभिमान आहे. मला मनापासून वाटतं की म्हातारं माणूस विनासायास चालू शकेल अशा फुटपाथांसाठीही या शहराने तेवढाच हट्ट धरावा. तुम्ही महापालिकेच्या झोन ऑफिसात तसा अर्ज दिलाय, मला ठाऊक आहे. खाली माझी सही घ्या. आईचीही.

आता इथली खबर. तुमच्या कागदांच्या झेरॉक्स काढून मी भिशीच्या बायकांना वाटल्या. लोकमान्यनगरच्या एका आजोबांनी सिरपूरच्या कागदावर आणखी दोन टिंबं वाढवली आहेत. बघून घ्या, जागा बरोबर आहेत का. आई हल्ली काठी घेते, पण बराच वेळ ती काखेतच असते. तिने तुमच्यासाठी गुळाच्या पोळ्या केल्या आहेत, त्या मी आणून देते.

आणि तिचा निरोप: बिलावली तलावाचा कागद कधी? तयार झाला की कळवा, त्या रविवारची रिक्षा मी सांगून ठेवते.

तुमची,
मागच्या गल्लीतली लेक