फुलपुडीवाल्या मावशींना

मावशी,

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. तोंडावर आभार मानायला गेले की तुम्ही "हाय काय त्यात" म्हणत टोपली उचलता आणि पुढच्या दाराला निघता, म्हणून लिहितेय.

आईची लाल लिली फुलली.

शिव शिव म्हणत थंडी गेली आणि शिवरात्रीनंतर चार दिवसांत पहिला दांडा वर आला. पान एकही नाही, नुसता जाड, हिरवा, पोकळ दांडा आणि टोकाला मिटलेली कळी. रोज सकाळी पाहावं तर बोटभर वाढलेला. आता नऊ दांडे उभे आहेत, एकेकावर तीन-चार फुलं. लाल पाकळीच्या मधोमध पांढरी रेघ.

गेल्या वर्षी याच दिवसांत वाफ्यात नुसती पानं होती. आई गेल्यावर मी वाफा जिवापाड सांभाळला होता, भर थंडीत रोज पाणी घातलं, कंद उघडे दिसतात म्हणून त्यांच्यावर मातीची भर घातली. तरी एक फूल नाही. कंदांना थंडी लागते असं कुठंतरी वाचलं होतं, म्हणून वाटलं, आपल्या गोडोलीची हवाच आता तापली. ते खरं होतं, पण ट्युलिपचं. ट्युलिपला बारा-चौदा आठवडे नऊ-दहा अंशांच्या खालचा गारठा लागतो, तो साताऱ्यात मिळायचा नाही. ही लिली मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिला गारठ्यापेक्षा कोरडी विश्रांती हवी असते. हे मला नंतर कळलं. मार्गशीर्षात मी कंद उपटून टाकायलाच निघाले होते.

त्या सकाळी तुम्ही फुलपुडी द्यायला आलात, माझ्या हातात पाण्याची नळी पाहिलीत आणि दारातूनच ओरडलात, "आगं पोरी, पाणी पाजून मारतीस व्हय तिला? आमच्याकडं माणदेशात डाळिंबाला पाणी तोडून ताण देत्यात, तसा हिला दे!"

मग टोपली ओट्यावर ठेवून तुम्ही वाफ्यात बसलात. पंधरा-वीस घरं बाकी होती तुमची. हातानं माती उकरून एकेक कंद काढलात, कांद्यासारखा दाबून पाहिलात. मऊ लागले ते बाजूला. दोन कंदांचा कुजका भाग कापून जखमेला चुलीची राख लावलीत आणि सावलीत सुकायला ठेवलेत. बाकीचे पुन्हा लावताना मला हात धरून दाखवलंत की कंदाची मान मातीबाहेर राहिली पाहिजे. मानेत पाणी साचलं की कूज लागते. "रथसप्तमीपातूर थेंब दिऊ नगंस," असं बजावलंत. पैसे विचारले तर म्हणालात, "फुलपुडीचं तेवढं दे."

पानं पिवळी पडून वाळत गेली, तेव्हा रात्री झोप लागत नव्हती मला. आईची शेवटची गोष्ट आपल्या हातानं मारतोय असं वाटायचं. तुम्ही रोज येता-जाता वाफ्याकडे नजर टाकायचात आणि "निजलीय ती" एवढंच म्हणायचात. त्या दोन शब्दांवर मी ते दोन महिने काढले, मावशी.

परवा पहिली फुलं सुकली, तेव्हा नवीन आलेली पानंही छाटून वाफा साफ करावा असं मनात होतं. तेही तुम्हीच थांबवलंत. मग मी शोधून वाचलं. या कंदात साधारण दर चार पानांमागे आत एक कळी धरते, आणि ती बाहेर यायला पुढचा हंगाम उजाडतो. म्हणजे आज दिसतंय ते फूल गेल्या पानांनी कमावलेलं. आता फक्त सुकलेले दांडे काढते, पानांना हात लावत नाही. पावसाळ्यात पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांच्या काळ्या अळ्या येतात, त्या आई पहाटे हातानं वेचायची. यंदा मी वेचीन.

मोठ्या कंदांना बाजूनं पिल्लं फुटली आहेत. येत्या मार्गशीर्षात काढीन तेव्हा त्यातली चार तुमची. फक्त शेळीच्या तोंडाला येणार नाहीत अशी उंचावर लावा, हा कंद जनावराच्या पोटात गेला तर विषारी असतो. तोवर उद्या येताना टोपलीत जागा ठेवा. दोन दांडे तुमच्या देव्हाऱ्यासाठी कापून ठेवतेय.

तुमची,
गोडोलीतली पोर