टाचणवहीत उद्दिष्ट शेवटी का लिहिले जाते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शिक्षणाविषयीच्या चर्चेत अभ्यासक्रम, परीक्षा, निकाल आणि शिक्षकांची संख्या यांबद्दल पुष्कळ लिहिले जाते. परंतु उद्याच्या तासाला वर्गात नेमके काय घडावे याचा विचार शिक्षक कसा करतो, या प्रश्नाला वृत्तपत्रांत क्वचितच जागा मिळते. छात्राध्यापकांचे, म्हणजे शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यांचे, सराव पाठ पाहताना, तसेच कार्यशाळांतील आणि परिचारिका प्रशिक्षणातील प्रशिक्षकांसोबत बसून त्यांची टाचणे (प्रत्येक तासासाठी आधी लिहून ठेवलेली पाठाची योजना) वाचताना एक गोष्ट वर्षानुवर्षे माझ्या लक्षात येत आली आहे. शिक्षक, प्रशिक्षक आणि त्यांच्या कामाचे निरीक्षण करणारे अशा सर्वांनीच तिचा विचार करावा, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

ती गोष्ट अशी की, बहुतेक टाचणांत उद्दिष्ट पहिल्या रकान्यात असते खरे, पण ते लिहिले जाते सर्वांत शेवटी. घटक समोर ठेवून काय सांगायचे, फळ्यावर काय लिहायचे, कोणता तक्ता दाखवायचा, गृहपाठ कोणता द्यायचा हे सगळे ठरते आणि मग वरचा रकाना रिकामा राहिला म्हणून मागच्या टाचणातील किंवा एखाद्या सहकाऱ्याच्या वहीतील उद्दिष्टे उतरवून घेतली जातात. ज्ञान, आकलन, उपयोजन आणि कौशल्य अशी चार शीर्षके, प्रत्येकाखाली दोन-दोन स्पष्टीकरणे, म्हणजे ३५ मिनिटांच्या एका तासासाठी आठ उद्दिष्टे होतात. तास संपल्यावर त्यांतले कोणते गाठले गेले, हे कोणी विचारत नाही. किंबहुना विचारता येईल अशा रीतीने ते लिहिलेलेच नसते. यात छात्राध्यापकांच्या आळसाचा भाग फार थोडा आहे. रकाने भरलेले आहेत की नाहीत यावर गुण मिळत असतील, तर माणूस रकानेच भरणार.

वास्तविक या विषयातला मूळ विचार अगदी उलट्या दिशेने जाणारा आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट यांच्या अनुयायांनी रूढ केलेली आणि शिक्षक-प्रशिक्षणात आजही शिकवली जाणारी पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, मुख्यतः शिक्षकाने कोणत्या क्रमाने काय करावे हे सांगते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये या विचाराला वेगळे वळण दिले. शिक्षक काय करणार हे लिहिणे म्हणजे उद्दिष्ट नव्हे, तर विद्यार्थ्यात कोणता बदल घडावा हे सांगणे म्हणजे उद्दिष्ट, असा त्यांचा आग्रह होता. अध्ययन अनुभवांची निवड, त्यांची मांडणी आणि मूल्यमापन हे सारे त्यानंतर येते. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोधात्मक, म्हणजे ज्ञान व विचारशक्तीशी संबंधित, उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले आणि १९६२ मध्ये रॉबर्ट मेगर यांनी उद्दिष्टाची तीन अंगे स्पष्ट केली : विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत करेल आणि किती चांगले केले म्हणजे ते पुरेसे मानायचे. यांपैकी पहिले अंग आपल्या टाचणांत कसेबसे उतरते. दुसरे आणि तिसरे जवळजवळ दिसतच नाही, आणि माझ्या मते खरे नियोजन नेमके त्या दोहोंत दडलेले असते.

एक उदाहरण थोडे सविस्तर देतो. व्हर्निअर कॅलिपर हे जाडी, व्यास अशी मापे बारकाईने घेण्याचे उपकरण. ‘प्रशिक्षणार्थ्यांना व्हर्निअर कॅलिपरची माहिती होईल’ हे उद्दिष्ट कितीतरी टाचणांत सापडते. असे उद्दिष्ट ठेवले की पाठ आपोआप एका ठरावीक वाटेने जातो : प्रशिक्षक उपकरण उंच धरून दाखवतो, मुख्य पट्टी, सरकती पट्टी आणि जबडे यांची नावे फळ्यावर लिहितो, लघुतम मापाचे (उपकरणाने मोजता येणाऱ्या सर्वांत लहान मापाचे) सूत्र सांगतो आणि आकृती वहीत काढायला लावतो. आता हेच उद्दिष्ट पुढीलप्रमाणे लिहून पाहावे : ‘दिलेल्या तीन धातूच्या दंडगोलांचा व्यास प्रशिक्षणार्थी ०.०२ मि.मी. लघुतम माप असलेल्या कॅलिपरने कोणाच्याही मदतीशिवाय मोजेल, उपकरणात शून्य त्रुटी आहे का हे आधी तपासेल, असल्यास ती वाचनातून वजा करेल आणि त्याचे प्रत्येक उत्तर प्रशिक्षकाने घेतलेल्या मापापासून ०.०२ मि.मी.पेक्षा अधिक दूर नसेल.’ (जबडे पूर्ण मिटलेले असतानाही वाचन शून्य येत नसेल, तर ती शून्य त्रुटी.) वाक्य लांबले आहे, हे मान्य. पण ते लिहिताक्षणीच प्रशिक्षकाला उद्याची तयारी कळते. प्रत्येकाच्या हातात उपकरण यायला हवे, म्हणजे एकच कॅलिपर वर्गभर फिरवून चालणार नाही. दंडगोलांची मापे आपण स्वतः आधी घेऊन ठेवायला हवीत. आणि मुद्दाम शून्य त्रुटी असलेले निदान एक कॅलिपर टेबलावर असायला हवे, कारण सगळीच उपकरणे निर्दोष असतील तर त्रुटी तपासायची सवय लागली की नाही हे कधीच उघड होणार नाही. त्रुटी धन असेल तर वाचनातून वजाबाकी सरळ होते. ऋण असेल तर तीच वजाबाकी प्रत्यक्षात बेरीज ठरते, आणि तिथे निम्मा वर्ग अडखळतो हे अनुभवी प्रशिक्षक जाणतात. पाठातला जास्तीचा वेळ कोठे राखून ठेवायचा, हेही यातून ठरते. लघुतम मापाच्या सूत्राची व्युत्पत्ती त्या दिवशी आटोपती घेतली तरी चालेल, असा निर्णय घेण्याचे धैर्यही अशा उद्दिष्टामुळेच येते. टाचण लिहिणे म्हणजे असे निर्णय घेणे, असे मी मानतो.

शालेय वर्गातही हेच लागू पडते. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज शिकवताना रीत सांगून दहा उदाहरणे सोडवून घेतली की पाठ पूर्ण झाला असे वाटते. पण १/२ आणि १/३ यांची बेरीज २/५ लिहिणारी मुले प्रत्येक वर्गात असतात, कारण अंशात अंश आणि छेदात छेद मिळवणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटते. ही चूक आधीच ठाऊक असलेला शिक्षक आपल्या उद्दिष्टात एक जोड देईल : उत्तर काढल्यावर ते बेरजेतील प्रत्येक अपूर्णांकापेक्षा मोठे आहे का, हे विद्यार्थी स्वतः पडताळून पाहील. २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे हे ज्याला दिसते, त्याला आपली चूक दाखवून द्यायला दुसरे कोणी लागत नाही. टाचणाच्या नमुन्यात ‘पूर्वज्ञान’ असा रकाना असतो आणि त्यात ‘विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत’ एवढेच लिहून पुढे जाण्याचा प्रघात आहे. त्याऐवजी विद्यार्थी या घटकाविषयी कोणती चुकीची समजूत घेऊन येण्याची शक्यता आहे हे तिथे लिहिले, तर त्या एका ओळीने पाठाचा दर्जा बदलतो, असा माझा अनुभव आहे.

‘किती चांगले म्हणजे पुरेसे’ या तिसऱ्या अंगाकडे होणारे दुर्लक्ष मला सर्वांत अधिक चिंताजनक वाटते. उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे गुण हाच सगळीकडे निकष धरण्याची सवय आपल्याला लागली आहे, पण प्रत्येक कामाला एकच निकष कसा लावता येईल? परिचारिका प्रशिक्षणातील औषधाच्या मात्रेचे गणित घ्या. ५ मि.लि. द्रवात १२५ मि.ग्रॅ. औषध असेल आणि रुग्णाला २०० मि.ग्रॅ. द्यायचे असेल, तर ८ मि.लि. हे एकच उत्तर बरोबर आहे. दहापैकी आठ गणिते बरोबर सोडवणाऱ्या प्रशिक्षणार्थीला गुणपत्रिकेत उत्तम श्रेणी मिळेल. पण उरलेल्या दोन गणितांत दशांश चिन्ह एक घर सरकले असेल, तर मात्रा दसपट होते किंवा दशांशावर येते. इथे उद्दिष्टातच ‘सर्व गणिते अचूक’ असे लिहायला हवे आणि ते साधेपर्यंत सरावाची सोय नियोजनात ठेवायला हवी. उलट, मुले पहिल्यांदाच परिच्छेदलेखन करत असतील, तर शुद्धलेखनाच्या काही चुका त्या दिवशी बाजूला ठेवून विचारांची सुसंगती हाच निकष धरणे योग्य ठरेल. चुकीची किंमत कोणाला आणि किती मोजावी लागणार, हे पाहून निकष ठरवला पाहिजे, आणि ते काम छापील नमुना करून देऊ शकत नाही.

या संदर्भात क्रियापदांच्या याद्यांबद्दलही थोडे लिहायला हवे. ‘समजेल’, ‘कळेल’ असे लिहू नका, त्याऐवजी ‘सांगेल’, ‘ओळखेल’, ‘फरक स्पष्ट करेल’ असे लिहा, असे प्रशिक्षणात सांगितले जाते आणि छात्राध्यापक यादीतून एकेक क्रियापद उचलतात. सल्ला चुकीचा नाही, पण त्यामागचे कारण सांगितले नाही तर तो निरुपयोगी ठरतो. विद्यार्थ्याला समजले याचा आपल्याला दिसेल असा पुरावा कोणता, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शिक्षकाजवळ नसेल, तर क्रियापद बदलून पाठात तसूभरही फरक पडत नाही. ब्लूम यांच्या वर्गीकरणाची २००१ मध्ये सुधारित मांडणी झाली आणि स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन आणि निर्मिती असा क्रम रूढ झाला. त्या सहाही पातळ्या प्रत्येक पाठात दिसल्याच पाहिजेत असा जो आग्रह काही निरीक्षक धरतात, त्याला मात्र काही आधार नाही. एका तासाला एक, फार तर दोन उद्दिष्टे पुरेशी असतात. वरच्या पातळ्यांसाठी घटकाचा किंवा सत्राचा अवधी असतोच.

काटेकोर उद्दिष्टांच्या या आग्रहावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो मला मान्य आहे. कवितेच्या तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या मनात काय उमटावे हे आधी लिहून ठेवता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला तर कविता मरते. अमेरिकन कलाशिक्षणतज्ज्ञ एलियट आयझनर यांनी १९६९ मध्ये अशा अध्ययनासाठी अभिव्यक्तीची वेगळी उद्दिष्टे मांडली. तिथे शिक्षक फलित ठरवत नाही; विद्यार्थी कोणत्या अनुभवाला सामोरा जाईल तेवढे ठरवतो आणि त्यातून काय निपजले ते नंतर पाहतो. चित्रकला, नाट्य, साहित्य आणि काही अंशी इतिहासाच्या अध्यापनातही ही मोकळीक राखलीच पाहिजे. मात्र या मोकळिकीचा आधार घेऊन वीजजोडणी किंवा औषधाची मात्रा शिकवताना ‘आवड निर्माण होईल’ एवढ्यावर थांबणे मला योग्य वाटत नाही.

एवढे सगळे लिहायला शिक्षकांना वेळ कोठे आहे, असा प्रश्न अनेक जण विचारतील आणि तो रास्त आहे. माझे म्हणणे अधिक लिहावे असे नाही. आज जी चार-चार पाने उतरवली जातात, त्यांच्याऐवजी अर्धे पान पुरेल, पण त्या अर्ध्या पानावर चार गोष्टी स्वतः विचार करून लिहिलेल्या असाव्यात : तासानंतर विद्यार्थी काय करू शकेल, ते मला कशावरून कळेल, तो कोठे चुकण्याची शक्यता आहे आणि तसे झाल्यास मी काय करेन. पुरावा कोणता हे ठरल्यानंतरच कृती निवडावी, कारण कृती आधी निवडली की ती मनोरंजक आहे याच समाधानात तास निघून जातो. पाठ झाल्यावर त्याच पानावर दोन ओळींची नोंद करावी, म्हणजे पुढच्या वर्षी तोच घटक घेताना टाचण कोऱ्या पानापासून सुरू करावे लागणार नाही. छात्राध्यापकांना आणि नव्या प्रशिक्षकांना तर ही नोंद लिहिण्याची सवय पहिल्या पाठापासून लावली पाहिजे. सराव पाठांची ठरलेली संख्या पूर्ण करण्यापेक्षा एकच पाठ दुरुस्त करून दुसऱ्या तुकडीवर पुन्हा घेण्यातून ते अधिक शिकतात.

म्हणून शिक्षक-प्रशिक्षण संस्थांना, मुख्याध्यापकांना आणि पाठनिरीक्षकांना माझी विनंती आहे की, टाचणवही पूर्ण आहे का हे तपासण्याआधी त्यांनी पाठ घेणाऱ्याला वर्गाबाहेर दोन मिनिटे थांबवून विचारावे : आज तुमच्या विद्यार्थ्यांना काय करता यायला हवे आणि ते तुम्ही कसे ओळखणार? त्याचे उत्तर स्पष्ट आले तर टाचण अर्ध्या पानाचे असले तरी स्वीकारावे, आणि पाठानंतर त्याच उत्तराच्या आधारे पाठ घेणाऱ्याशी चर्चा करावी. सराव पाठाच्या गुणदान तक्त्यात फलक लेखन, आवाज आणि शैक्षणिक साधने यांना जसे गुण असतात, तसे उद्दिष्ट आणि मूल्यमापन यांच्या मेळालाही असावेत, आणि पाठानंतरच्या नोंदीसाठी त्यात स्वतंत्र रकाना असावा. या बदलांसाठी वेगळा निधी लागत नाही आणि येत्या सत्रापासून ते सुरू करता येण्यासारखे आहेत. या विषयावर शिक्षक व प्रशिक्षक वाचकांचे अनुभव आपल्या वृत्तपत्रातून प्रसिद्ध झाले, तर त्याचा मोठा उपयोग होईल.

कळावे,
आपला विश्वासू,
एक शिक्षक-प्रशिक्षक