सासूबाईंच्या पणजीचा शोध

ग्लासगो,
२३ नोव्हेंबर

प्रिय सुधा,

तुझं दिवाळीचं पत्र येऊन महिना होत आला. उत्तर आज लिहितेय, कारण गेले चार महिने माझे सगळे शनिवार एकाच कामात गेलेत. त्या कामाचा शेवट परवा लागला आणि पहिल्यांदा तुलाच सांगावंसं वाटलं.

जुलैत सासूबाईंनी मला बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा दिला. आत कागद होते: त्यांच्या आईचा जन्मदाखला, आजीच्या लग्नाचा दाखला, दोन फोटो. त्या आता चौऱ्याऐंशीच्या आहेत. म्हणाल्या, "माझ्या आजीची आई कुठून आली, कोण होती, हे आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. विधवा होती एवढंच सांगायचे. मी जायच्या आधी मला ते कळलं पाहिजे." मुलाला नाही सांगितलं, मला सांगितलं. जुन्या कागदांचं मला वेड आहे, हे त्यांना ठाऊक आहे. पुण्यात आपण दोघी मोडीच्या वर्गाला जायचो, ते मी त्यांना कितीदा तरी सांगितलंय.

नावं लिहीत नाही, रागावू नकोस. घराबाहेर जाऊ नयेत अशी त्यांची इच्छा आहे. आपण तिला पणजी म्हणू.

इथे जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सक्तीची झाली. त्याआधीचं सगळं चर्चच्या वह्यांत. सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ सालची. आता यातलं बरंचसं संगणकावर घरबसल्या दिसतं, पण मी मुद्दाम एडिंबरोला गेले. प्रिन्सेस स्ट्रीटच्या टोकाला न्यू रजिस्टर हाउस आहे. तिथल्या घुमटाखाली उभं राहिलं की मजल्यामजल्यांवर वह्याच वह्या दिसतात, गोल भिंतीला लागून. जन्माच्या तांबड्या, लग्नाच्या हिरव्या, मृत्यूच्या काळ्या. त्या आता हाती देत नाहीत, पडद्यावर चित्र बघायचं. तरी मी मान वर करून कितीतरी वेळ उभी होते. एका देशातली सगळी माणसं, राजा सोडून सगळी म्हण ना, तीन रंगांत लावून ठेवलेली.

आणि एक गोष्ट बघून मला धक्काच बसला. स्कॉटलंडच्या कागदांत बाईचं माहेरचं आडनाव पुसलं जात नाही. लग्नाच्या नोंदीत नवरा-नवरी दोघांच्याही आईबापांची नावं, आईचं माहेरचं आडनाव धरून. मृत्यूच्या नोंदीतही तेच. बाई ऐंशीव्या वर्षी वारली तरी तिच्या आईचं माहेरचं आडनाव त्या पानावर असतं. कितीतरी थडग्यांवरही माहेरचंच आडनाव कोरलेलं असतं आणि पुढे 'अमुकची पत्नी'. त्यामुळे इथे आईच्या बाजूनेही मागे मागे जाता येतं. आपल्याकडच्या कुलवृत्तांतात वंशवृक्षाची प्रत्येक फांदी मुलग्याची, आणि सुनांसाठी फार तर कंसात एक नाव, तेही सासरी बदललेलं. हे मला तिथे उभ्या उभ्या टोचलं. पुढे त्यावर येतेच.

आजीच्या १९०५ च्या लग्नाच्या नोंदीत बापाचं नाव होतं, धंदा गाडीवान, पुढे 'मयत'. आईचं नाव, माहेरचं आडनाव, सगळं ठाकठीक. मग त्या गाडीवानाच्या आडनावाने आजीचा जन्म शोधला. नाही. आडनावाची स्पेलिंगं बदलून शोधला, शेजारच्या परगण्यांत शोधला. तीन आठवडे गेले. शेवटी उलटं जायचं ठरवलं आणि पणजीचंच लग्न शोधलं. ते सापडलं १८८४ चं, त्याच गाडीवानाशी. आजी तेव्हा पाच वर्षांची असायला हवी. नवरीच्या नावाखाली विधवा लिहिलेलं नव्हतं. लिहिलं होतं 'अविवाहित'.

मग पणजीच्या माहेरच्या आडनावाने जन्म शोधला आणि पाच मिनिटांत समोर आला. फेब्रुवारी १८७९. बाळाच्या नावाखाली एक शब्द: 'अनौरस'. बापाचा रकाना कोरा. अशा बाळाचा बाप स्वतः येऊन सही करेल तरच त्याचं नाव लिहायचं, असा नियम होता. हा आला नाही. आईचा धंदा घरकाम. जन्माचं ठिकाण बार्नहिल.

बार्नहिल म्हणजे ग्लासगोच्या उत्तरेला स्प्रिंगबर्नमधलं गरीबगृह. खालच्या सहीच्या जागी पणजीची फुली आहे, बाजूला 'तिची खूण' असं कारकुनाने लिहिलंय. पाच वर्षांनी लग्नाच्या वहीत मात्र तिने स्वतः सही केलीय. अक्षरं एकमेकांना धरून चालल्यासारखी, पण पूर्ण नाव. मधल्या पाच वर्षांत ती लिहायला शिकली, सुधा. कुणी शिकवलं ते कुठल्याच कागदावर नाही.

मधलं १८८१ चं साल शिरगणतीत मिळालं. एका खोलीत पाच माणसं, त्यांत ही आणि दोन वर्षांची मुलगी, 'भाडेकरू' म्हणून. इथल्या शिरगणतीत प्रत्येक घराला खिडकी असलेल्या खोल्या किती, हेही विचारायचे. त्या रकान्यात १.

इथवर आल्यावर ती गरीबगृहात गेली कशी, हे कळल्याशिवाय मला राहवेना. आणि त्याचं उत्तर माझ्या घरापासून दोन बसस्टॉपवर होतं. मिचेल लायब्ररीवरून मी रोज कामाला जाते, तो हिरवा घुमट तुला फोटोत दाखवलाय. पाचव्या मजल्यावर शहराचा दफ्तरखाना आहे आणि तिथे गरिबांच्या मदतीसाठी आलेल्या अर्जांच्या जाडजूड वह्या आहेत. १८४५ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गरिबांचा खर्च प्रत्येक पॅरिशवर (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीवर) आला, पण धडधाकट माणसाला मदतीचा हक्क नव्हता. शिवाय माणूस जिथे जन्मला किंवा जिथे सलग पाच वर्षं राहिला, ती पॅरिश खर्च देणार. त्यामुळे अर्ज आला की पॅरिशचा इन्स्पेक्टर पहिल्यांदा काय शोधायचा, तर हिचा भार दुसऱ्या कुणावर टाकता येईल का. जन्म कुठला, आईबाप कोण, आईचं माहेर कुठलं, गेल्या पाच वर्षांतले सगळे पत्ते, कुणाकडे किती महिने नोकरी. पैसे वाचवायला विचारलेले प्रश्न हे सगळे. पण त्यामुळेच एका मोलकरणीच्या आयुष्याचं अख्खं पान शिल्लक राहिलं. त्याच गल्लीतल्या खाऊनपिऊन सुखी बाईविषयी इतकं काही सापडणार नाही.

वही माझ्यासमोर फोमच्या उशीवर ठेवली. इन्स्पेक्टरचं अक्षर घाईचं, शब्द अर्धे तोडलेले. मोडी वाचताना बाई सांगायच्या ना, की एका अक्षरावर अडू नका, त्याच हातचं तेच अक्षर दुसरीकडे शोधा? तसंच केलं. सव्वा पानाला दोन तास लागले.

जानेवारी १८७९. वय २३. जन्म ग्लासगोजवळच्या पेझली गावचा. ग्लासगोत चार वर्षंही पुरी झालेली नाहीत, म्हणजे खर्च पेझलीच्या माथी. पाच नोकऱ्या, पत्त्यांसकट. शेवटची सुटली नोव्हेंबरात. १८७८ च्या ऑक्टोबरात सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली होती. भागधारकांची जबाबदारी अमर्याद होती, म्हणजे बँकेचं देणं त्यांच्या स्वतःच्या खिशातून जायचं, त्यामुळे शहरातली कितीतरी चांगली चालती घरं त्या हिवाळ्यात बसली. तिच्या मालकांचं घर त्यांतलं होतं की पोट दिसू लागलं म्हणून तिला काढलं, हे पानावर नाही. मी दोन्ही गोष्टी मनात ठेवल्यात.

पुढे दोन ओळी आहेत, त्यांच्यासाठी हे सगळं पत्र. पहिलीत बापाचं नाव. जन्माच्या वहीतला कोरा रकाना इथे भरलेला: नाव, सुतार, गल्ली, घर नंबर. पॅरिशला त्याच्याकडून खर्च वसूल करता आला तर हवा होता, म्हणून विचारून घेतलेलं. आणि दुसरी ओळ: आईबाप दोघंही पेझलीत हयात, आई हिला घरात घ्यायला तयार नाही. बस्स, एवढंच. खाली निकाल: गरीबगृहात दाखल करावं.

आता ऐक. स्कॉटलंडमध्ये नावं ठेवायची जुनी रीत आहे. पहिला मुलगा बापाच्या बापाच्या नावाचा, दुसरा आईच्या बापाच्या. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची. मी पेझलीचा कागद काढला तेव्हा पणजीच्या आईचं नाव मिळालं. तेच नाव बार्नहिलमध्ये जन्मलेल्या त्या बाळाचं होतं. जिने दार उघडलं नाही तिचं नाव तिने मुलीला दिलं. रीत म्हणून दिलं असेल, विनवणी म्हणून दिलं असेल. मी वही मिटली आणि खाली जाऊन रस्त्यावर उभी राहिले.

पेझलीचा कागदही भाग्याने मिळावा असा आहे. पणजीचा जन्म १८५५ चा, सक्तीच्या नोंदणीच्या पहिल्याच वर्षाचा. त्या एका वर्षी जन्माच्या नोंदीत आईबापांची वयं, जन्मगावं, लग्न कधी आणि कुठे झालं, आधीची मुलं किती हयात, किती मयत, एवढं सगळं भरून घेत. कारकुनांना ते झेपेना, म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले. पणजीचा बाप ३७ वर्षांचा, जन्म किलबार्कनचा, धंदा शाल विणकर. १८४१ च्या शिरगणतीत त्याचं वय २० दिसतं तेव्हा मी गोंधळले होते. नंतर कळलं, त्या वर्षी मोठ्यांची वयं पाचाच्या पटीत खाली ओढून लिहिलीत. तो २३ चा होता.

शाल विणकर म्हणजे कोयरीचा विणकर गं! आपल्या पैठणीच्या पदरावर, लुगड्याच्या काठावर जी कोयरी असते, तिला इकडे सगळं जग 'पेझली' म्हणतं, ते या गावावरून. काश्मिरी शाली विलायतेत आल्या, त्यांची नक्कल इथल्या मागांवर सुरू झाली, आणि १८७० च्या सुमाराला बायकांच्या झग्यांची तऱ्हा बदलली तशी शाल खांद्यावरून उतरली. १८७१ च्या शिरगणतीत बाप अजून विणकरच आहे, पणजी सोळा वर्षांची, सुताच्या गिरणीत. मागचं घर असं बसत चाललेलं होतं. आईने दार का उघडलं नाही, याचं थोडं उत्तर मला त्यातच दिसतं. थोडंच.

किलबार्कनला त्या बापाचा बाप्तिस्मा मात्र मुख्य चर्चच्या वहीत नाही. विणकर मंडळी बऱ्याचदा फुटून निघालेल्या चर्चांत जात, त्यांच्या वह्या वेगळ्या. ते पुढच्या वर्षी.

परवा रविवारी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. 'अनौरस' हा शब्द आला तेव्हा मी थांबले. त्या म्हणाल्या, "वाच, वाच." आईची ती ओळ त्यांनी दोनदा वाचायला लावली. मग सहीच्या दोन प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, फुलीची आणि नावाची, आणि नावावरून बोट फिरवत बसल्या. सुताराचं पुढे काय झालं ते शोधू का, असं मी विचारलं. "नको. त्याला यायचं होतं तर तेव्हा यायचं होतं." आणि मग थोड्या वेळाने, "माझ्या नातीला तिचं नाव ठेवायला हवं होतं." नात अकरा वर्षांची आहे. ती लगेच म्हणाली, मी मधलं नाव म्हणून लावते. लावलंसुद्धा, वहीवर.

रात्री मला झोप लागली नाही. परक्या देशातल्या एका मोलकरणीची पाच वर्षांतली सगळी घरं मला तोंडपाठ आहेत, आणि माझ्या स्वतःच्या आजीचं माहेरचं नाव मला माहीत नाही. सासरी आल्यावर तांदळात लिहिलं ते नाव आम्ही लहानपणापासून ऐकलं. त्याआधी तिला आई काय म्हणून हाक मारायची? आत्याला फोन केला. तिलाही ठाऊक नाही. माहेरचं आडनाव आणि निफाडकडचं गाव, एवढंच सांगितलं.

सुधा, तू नाशिकात आहेस. आजीचे वडील पंचवटीत श्राद्धाला यायचे हे आत्या नक्की सांगते, म्हणजे त्यांच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत घराण्याची नोंद असणार. आडनाव आणि गाव वेगळ्या चिठ्ठीवर लिहून पत्रात घातलंय. रामकुंडावर जाऊन त्या गावाचे उपाध्ये कोण, एवढं विचारशील? आणि वही उघडलीच तर बघ, लेकींची नावं लिहिलीत का. असतील तर फोटो पाठव, अक्षर कसंही असो. मोडी असलं तर उत्तमच, आपण फोनवर मिळून वाचू.

काकूंना नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते लिही.

तुझी,
शकू